3.6 वर अडकलेला काटा

सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करायचं सोडून एखादी सीरिज लावायची आणि पहाटेपर्यंत तिचा फडशा पाडायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर कुणी विचारतं, 'कशी होती रे?' आणि उत्तर येतं, 'भारी'. संपलं. पाच-सहा तासांच्या कामाचा निकाल एका शब्दात. कुठला एपिसोड आवडला, कुठे पटलं नाही, कुठे वाद घालावासा वाटला, हे आठवायलाच वेळ नसतो, कारण तोवर दुसरी सीरिज सुरू झालेली असते.

या आठवड्यात जरा वेगळं करून पाहिलं. सोमवार ते शुक्रवार, रोज फक्त एक एपिसोड. सीरिज जुनी आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेली असेल किंवा निदान तिच्यावरचे मीम्स तरी फॉरवर्ड केले असतील. 'चेर्नोबिल'. एचबीओ आणि स्काय यांची, 2019 मधली. लेखक क्रेग मॅझिन, दिग्दर्शक योहान रेंक. एपिसोड मोजून पाच, आणि टीव्हीवर आली तेव्हा आठवड्याला एकच दाखवला जायचा. म्हणजे पाच आठवडे ताटकळत बसायचं. आपण निदान पाच दिवस तरी थांबू या.

आणि हो, 'स्पॉयलर देऊ नका' असं म्हणू नका. 26 एप्रिल 1986 च्या रात्री तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या युक्रेनमध्ये चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातली चार नंबरची अणुभट्टी फुटली, हे सगळ्या जगाला माहीत आहे. काय झालं ते पाहायचंच नाहीये. कसं होऊ दिलं, ते पाहायचंय.

सोमवार : मीटर काय म्हणतो?

पहिल्या एपिसोडचं नावच घड्याळातली वेळ आहे, 1:23:45. स्फोट सुरुवातीलाच होऊन जातो. मग उरलेला तासभर काय दाखवणार? तर माणसं नाकारतायत, हे दाखवतात. भट्टीचा गाभा उघडा पडलाय, ग्राफाइटचे तुकडे आवारात पडलेत, आग विझवायला आलेल्या जवानांचे हात भाजतायत, आणि कंट्रोल रूममध्ये डेप्युटी चीफ इंजिनीअर द्यातलोव्ह म्हणतोय की तुम्ही ग्राफाइट पाहिलंच नाही.

तेवढ्यात किरणोत्सर्ग मोजला जातो. आकडा येतो 3.6 रॉन्टजेन. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. फार काही चांगलं नाही, पण भयंकरही नाही. हाच तो मीम.

आता यातली गोम बघा. त्या मीटरची मोजण्याची कमाल मर्यादाच सेकंदाला 1000 मायक्रोरॉन्टजेन होती. तासाचा हिशोब करा. एका तासात 3600 सेकंद, म्हणजे बरोबर 3.6 रॉन्टजेन. काटा शेवटच्या खुणेवर जाऊन अडकला होता. पाच किलोच्या ताणकाट्याला हत्ती टांगलात तरी काटा पाचवरच थांबणार. म्हणून काय हत्ती पाच किलोचा होतो?

सीरिजमध्ये कुणीतरी मोठ्या क्षमतेचा मीटर आणतं. तो सुरू केल्याकेल्या जळतो. दुसरा आणतात, तोही शेवटच्या खुणेवर जातो. यावर वरिष्ठांचं उत्तर काय, तर मीटर खराब आहेत. माझ्या मते सीरिजमधला सगळ्यात भीतीदायक क्षण हाच आहे. स्फोट त्याच्यापुढे काहीच नाही. सोयीचा आकडा दाखवणारा मीटर चांगला आणि गैरसोयीचा आकडा दाखवणारा खराब, असं एका खोलीतली शिकलेली, अनुभवी माणसं एकमताने ठरवतात.

मंगळवार : तो एक परिच्छेद

दुसऱ्या एपिसोडमध्ये शास्त्रज्ञ वालेरी लेगासोव्ह मॉस्कोच्या बैठकीत येतो. जॅरेड हॅरिसने हा माणूस फार छान उभा केलाय. चष्मा सावरणारा, अवघडलेला, हिरोसारखा अजिबात न दिसणारा. टेबलाच्या टोकाला गोर्बाचेव्ह बसलेत. सगळं आटोक्यात आहे, असा अहवाल सगळ्यांसमोर आहे आणि बैठक संपत आलीय. लेगासोव्हने मात्र तो अहवाल खरोखर वाचलाय. त्यात एका जवानाचा हात कसल्यातरी काळ्या, गुळगुळीत दगडासारख्या वस्तूमुळे भाजला असा उल्लेख आहे. ते ग्राफाइट. ग्राफाइट बाहेर म्हणजे गाभा फुटलेला. मग 3.6 हा आकडा कुठून आला, हेही तो सांगतो.

विचार करा. बैठकीतल्या सगळ्यांकडे तोच कागद होता.

पुढे एक जनरल शिसं लावलेल्या गाडीत चांगला मीटर घेऊन स्वतः भट्टीजवळ जातो. तो परत येऊन सांगतो, 3.6 नाही, 15,000. या एका वाक्यासाठी सगळा एपिसोड पाहावा. स्टेलान स्कार्सगार्डने साकारलेला मंत्री श्चेर्बिना आतापर्यंत लेगासोव्हला धमकावत असतो, तो इथून बदलायला लागतो. चांगलं लिखाण कसं असतं ते इथे कळतं. भाषण न ठोकता, फक्त आकडा बदलला आणि माणूस बदलला.

दरम्यान शेजारच्या प्रिप्यात शहरात जवळपास 49 हजार लोक नेहमीसारखे जगत होते. मुलं शाळेत गेली होती. शहर रिकामं करायला सुरुवात झाली ती 27 एप्रिलच्या दुपारी, म्हणजे स्फोटानंतर साधारण दीड दिवसाने. जगाला कळलं तेही सोव्हिएत सरकारने आपणहून सांगितलं म्हणून नव्हे. 28 एप्रिलला स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला आणि शोधाशोध सुरू झाली. सोव्हिएत टीव्हीवर त्याच दिवशी संध्याकाळी चार ओळींची बातमी आली.

बुधवार : पंचवीस वर्षांचा ऑपरेटर

तिसरा एपिसोड जड जातो. जेवताना पाहू नका. हॉस्पिटलमधल्या जवानांची अवस्था दाखवताना कॅमेरा नजर वळवत नाही. अग्निशमन जवान वासिली इग्नातेंको आणि त्याची बायको ल्युदमिला ही खरी माणसं. तिची हकीकत स्वेतलाना अलेक्सीविच यांच्या चेर्नोबिलवरच्या पुस्तकात आहे. अलेक्सीविच यांना 2015 मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

मला मात्र या एपिसोडमध्ये लिओनिद तोप्तुनोव्ह जास्त छळतो. त्या रात्री भट्टीच्या पॅनेलवर बसलेला हा मुलगा पंचवीस वर्षांचा होता. तुमच्यातले काही जण मास्टर्स संपवून पहिल्या नोकरीला लागतील, त्या वयाचा. भट्टीची पॉवर घसरली होती, ती वाढवणं धोक्याचं आहे हे त्याला कळत होतं. वरिष्ठ ओरडत होता. सीरिजमधला तोप्तुनोव्ह घाबरतो, अडखळतो आणि शेवटी सांगितलं ते करतो.

'मी असतो तर नाही म्हणालो असतो', असं आपल्याला खुर्चीत बसून वाटतं. खरंच? एचओडींसमोर 'सर, हे चुकीचं आहे' असं शेवटचं कधी म्हणालात? तिथे तर इंटर्नल मार्कांपलीकडे काही जाणार नसतं. तोप्तुनोव्ह पुढच्याच महिन्यात, 14 मेला, मॉस्कोच्या हॉस्पिटलमध्ये गेला.

गुरुवार : खोट्या आकड्याचं बिल कुणी भरलं?

चौथ्या एपिसोडमध्ये छपरावर पडलेलं ग्राफाइट साफ करायचं असतं. तिथला किरणोत्सर्ग इतका जास्त की माणूस पाठवता येत नाही. म्हणून पश्चिम जर्मनीतून रोबो मागवतात. तो छपरावर उतरतो आणि जागच्या जागी बंद पडतो. का? तर सीरिजमध्ये दाखवलंय की जर्मनांना छपरावरचा खरा आकडा कळवलाच नव्हता. जगासमोर जो कमी केलेला आकडा ठेवला होता, तोच त्यांनाही दिला. त्या आकड्याला टिकेल असा रोबो त्यांनी प्रामाणिकपणे पाठवला.

आणि मग माणसं पाठवली. फावडी घेऊन, प्रत्येकाला 90 सेकंद. हा सीन जवळजवळ सलग एका शॉटमध्ये आहे. मास्कमधला श्वास, मीटरचा कर्र आवाज, अडखळणारे बूट. प्रत्यक्षातही हजारो माणसांनी, त्यातही राखीव सैनिकांनी, हे काम केलं. त्यांना 'बायोरोबो' म्हणत.

सगळ्या सीरिजचा हिशोब मला या एपिसोडमध्ये दिसला. ऑफिसात बसून कुणीतरी आकडा कमी केला, त्या आकड्यावर मशीन आलं, मशीन मेलं आणि त्याच्या जागी माणसं गेली. खोटा आकडा लिहिणारा वेगळा असतो आणि त्याचं बिल भरणारा वेगळा. म्हणूनच लिहिणाऱ्याला ते फारसं जड जात नाही.

शुक्रवार : लाल पाट्या, निळ्या पाट्या

शेवटचा एपिसोड म्हणजे कोर्ट. लेगासोव्ह लाल आणि निळ्या पाट्या लावत, काढत भट्टी कशी चालते ते समजावतो. लाल म्हणजे पॉवर वाढवणारं, निळं म्हणजे कमी करणारं. चाचणी 700 मेगावॅटवर व्हायची होती, पॉवर 30 पर्यंत कोसळली, ओढूनताणून 200 वर आणली. त्यासाठी जवळपास सगळे कंट्रोल रॉड बाहेर काढले. शेवटी आणीबाणीचं बटण दाबलं तेव्हा रॉड एकदम आत निघाले. पण त्यांच्या टोकाला ग्राफाइट होतं. ज्या बटणाने भट्टी बंद व्हायची, त्यानेच ती आधी क्षणभर भडकली. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही कळेल इतकं सोपं करून सांगितलंय. आपल्याकडचे कित्येक पीपीटी या सीनसमोर लाजतील.

रॉडच्या या दोषाची कल्पना काही जाणकारांना आधीपासून होती. ती माहिती पॅनेलवर बसणाऱ्यांपर्यंत पोचू दिली नव्हती. तोप्तुनोव्हच्या हातात जे बटण होतं, त्याच्यावर त्याने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

सीरिजनेही आकडे जुळवलेत का?

आता न्यायाची गोष्ट. खोट्याविरुद्ध बोलणाऱ्या सीरिजला तोच काटा लावायला हवा. लावू या.

एमिली वॉटसनने केलेली शास्त्रज्ञ उलाना खोम्युक खऱ्या जगात नव्हती. अनेक शास्त्रज्ञांना मिळून एक पात्र केलंय. शेवटी पडद्यावर तसं लिहूनही येतं. हे चालेल. दुसऱ्या एपिसोडमध्ये कोसळणारं हेलिकॉप्टर प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये कोसळलं. म्हणजे घटना खरी, तारीख ढकललेली. हे जरा खटकतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे खरा लेगासोव्ह त्या खटल्यात साक्षीला नव्हताच. ते टाळ्या मिळवणारं सत्यकथन कोर्टात झालंच नाही.

उलट ऑगस्ट 1986 मध्ये व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेसमोर त्याने जे तासन् तास निवेदन केलं, त्याचं जगभर कौतुक झालं, पण त्यात दोषाचा मुख्य भार ऑपरेटरांवरच होता. भट्टीच्या रचनेतले दोष ठळकपणे मांडणारा सुधारित अहवाल त्या संस्थेने काढला तो 1992 मध्ये. तोवर लेगासोव्ह नव्हता. एप्रिल 1988 मध्ये, स्फोटाला दोन वर्षं होता होता, त्याने आपलं आयुष्य संपवलं होतं.

माझं मत विचाराल तर खरी गोष्ट सीरिजपेक्षा जास्त अवघड आणि जास्त उपयोगाची आहे. सीरिजमध्ये एक शूर माणूस उभा राहतो, खरं बोलतो आणि आपल्याला बरं वाटतं. प्रत्यक्षात चांगला, हुशार, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता महिनोन् महिने तिथे राबलेला माणूससुद्धा पूर्ण खरं एका दमात बोलू शकला नाही. एकट्याच्या शौर्यावर सत्याचा कारभार चालत नाही. रोजच्या सवयीवर चालतो. त्या सवयीबद्दल तुमच्याशी बोलायचंय.

आता आपलं जर्नल उघडा

ही सीरिज पाहून बहुतेक जण सोव्हिएत व्यवस्थेवर, नाहीतर अणुऊर्जेवर बोलतात. आपल्याकडे तारापूरचं केंद्र 1969 पासून वीज देतंय. जैतापूरवरून किती वाद झाले, ते तुम्ही वाचलं असेल. तो वाद महत्त्वाचा आहे आणि तो माहिती घेऊन घालायला हवा. (चेर्नोबिलच्या जातीची भट्टी भारतात एकही नाही, एवढं आधी माहीत असू दे.) पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय तुमच्या सॅकमध्ये आहे.

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आठवा. टायट्रेशन. तीन रीडिंग घ्यायची आणि कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग लिहायचं. किती जर्नलमध्ये 9.8, 9.8, 9.8 असतं? आणि त्यातल्या किती जणांनी खरंच तीनदा ब्युरेट भरली? फिजिक्सला पेंड्युलमवरून 'जी' काढायचा. उत्तर 9.8 च्या आसपास यायला हवं हे आधीच माहीत. मग खालून वर हिशोब करत दोलनांचे सेकंद लिहायचे. ग्राफवरचे सगळे बिंदू पट्टीने आखल्यासारखे एका रेषेत. इंजिनीअरिंगला तर आख्खी बॅच एकाच 'मास्टर जर्नल'वरून आकडे उतरवते. सोशॉलॉजीच्या प्रोजेक्टला 50 जणांची प्रश्नावली लागते. ती कॅन्टीनच्या एका टेबलावर, तीन पेनांनी, दोन वडापावमध्ये भरून होते. याला आपल्या भाषेत शब्दही आहे, 'रीडिंग कुक करणं'. हसत हसत म्हणतो आपण.

'एवढं काय त्यात? त्याने कुठे भट्टी फुटणारे?' बरोबर. नाही फुटणार. पण त्या टेबलावर आपण नेमकं काय शिकतो ते बघा. उत्तर आधी ठरतं, आकडे मागून येतात. उपकरण वेगळं काही दाखवत असेल तर उपकरण खराब. वरच्याला जे आवडेल ते लिहिलं की सही मिळते. चेर्नोबिलच्या कंट्रोल रूममध्ये त्या रात्री याहून वेगळं काय चाललं होतं? ती माणसंही कुठल्यातरी कॉलेजातूनच आली होती.

आणि उद्या तुम्हीही कुठेतरी जाल. कुणी पुलाच्या काँक्रीटचे क्यूब तपासेल, कुणी लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट लिहील, कुणी बँकेच्या ताळेबंदावर सही करेल, कुणी धरणाची पातळी नोंदवेल, कुणी बातमीत आकडा देईल. तिथे एखाद्या दिवशी काटा शेवटच्या खुणेवर अडकलेला असेल आणि शेजारचा म्हणेल, 'लिही रे, रोज एवढंच असतं'. त्या दिवशी हात आपोआप काय लिहील, हे आजच्या जर्नलवर ठरतंय.

सगळा दोष मुलांवर ढकलणं मात्र द्यातलोव्हसारखं होईल. प्राध्यापक मंडळी ही पुरवणी वाचतात, म्हणून त्यांनाही सांगायचंय. सर, मॅडम, 8.9 लिहून आणणाऱ्याला 'रिपीट' आणि 9.8 उतरवून आणणाऱ्याला सही, हा नियम मुलांनी बनवलेला नाही. ज्याचं उत्तर चुकलंय पण रीडिंग खरी आहेत आणि चूक का झाली असावी हे ज्याने दोन ओळींत लिहिलंय, त्याला पूर्ण मार्क द्या. व्हायवामध्ये 'किती आलं?' याच्याबरोबर 'का नाही आलं?' हेही विचारा. बॅचला 20 मुलं, उपकरणं चार आणि वेळ दोन तास असेल तर रीडिंग शिजणारच. मग प्रयोग कमी करा, पण होऊ द्या. सहा महिन्यांत दहा खोट्या प्रयोगांपेक्षा चार खरे बरे.

आणि तुम्ही? पुढच्या प्रॅक्टिकलला फक्त एक रीडिंग खरं लिहा. काठावरचं, रेषेबाहेरचं, बॅचमधल्या इतरांशी न जुळणारं. त्याच्यापुढे लिहा, 'असं आलं. कारण बहुधा हे'. सरांनी विचारलं तर सांगा. पाय लटपटतील थोडे. लटपटू द्या. तोप्तुनोव्हच्या वयाचे होईपर्यंत एवढा सराव झालेला बरा.

'चेर्नोबिल' पाहिली नसेल तर या आठवड्यात जरूर पाहा. रोज एकच एपिसोड. पाहून झाला की फोन बाजूला ठेवा आणि शेजारच्याशी भांडा. तुम्हाला खोम्युकचं पात्र पटलं का? द्यातलोव्हला एकट्याला खलनायक करणं योग्य वाटलं का? 'भारी' या शब्दाला मात्र पाच दिवस सुट्टी. आणि शनिवारी कॉलेज भरत असेल, तर जर्नल न्यायला विसरू नका.